चेहरा बघून चावी

डेमोच्या दिवशी आमच्या बेलबॉयने माझा फोटो मोबाइलवर मोठा करून कॅमेऱ्यासमोर धरला आणि चेहरा ओळखून खोली देणाऱ्या मशीनने बिनतक्रार त्याच्या हातात माझ्या खोलीची चावी ठेवली. वर स्क्रीनवर माझं नाव घालून स्वागतही केलं. कंपनीचा माणूस घाईघाईने म्हणाला, "मॅडम, डेमो युनिटमध्ये लाइव्हनेस बंद असतं." मी विचारलं, "मग दाखवायला आणताना बंद का ठेवलंत?" त्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

लाइव्हनेस म्हणजे समोर जिवंत माणूस आहे की कागदावरचा, स्क्रीनवरचा फोटो, हे तपासणं. साधा कॅमेरा फसतो. इन्फ्रारेड आणि चेहऱ्याचे उंचवटे मोजणारा कॅमेरा सहसा फसत नाही, कारण मोबाइलच्या काचेला नाक नसतं. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी फ्रंट ऑफिस मॅनेजर. माझं आयुष्य रेजिस्ट्रेशन कार्ड, की-कार्ड आणि 'रूम अजून रेडी नाही का?' या प्रश्नात गेलेलं. पण साहेबांनी प्रकल्प माझ्या गळ्यात घातला आणि पुढचे चौदा महिने मी त्या यंत्रणेच्या मागे होते, किंवा ती माझ्या मागे.

साहेबांच्या टेबलावर एका बातमीचं प्रिंटआउट होतं. २०१८ मध्ये मॅरियटने अलीबाबाबरोबर चीनमधल्या हांगझो आणि सान्या इथल्या दोन हॉटेलांत चेहऱ्यावरून चेक-इन सुरू केलं होतं; तीन मिनिटांचं काम एका मिनिटाच्या आत येईल असं त्यात म्हटलं होतं. मीही एक कागद घेऊन गेले. जपानमधलं हेन-ना हॉटेल. २०१५ मध्ये रोबो आणि चेहरा बघून उघडणारे दरवाजे घेऊन सुरू झालेलं. २०१९ पर्यंत त्यांनी २४३ रोबोंपैकी निम्म्याहून जास्त घरी पाठवले. खोलीतला एक रोबो पाहुण्याच्या घोरण्यालाच प्रश्न समजून रात्री-अपरात्री उत्तर द्यायचा. साहेब हसले. म्हणाले, "आपण रोबो घेत नाहीये. फक्त कॅमेरा."

फक्त कॅमेरा. बरं.

सही करण्याआधी मी एक हट्ट धरला: आपला वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजू. तीन दुपारी मी काउंटरच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले. साठ चेक-इन मोजले. सरासरी चार मिनिटांच्या थोडं वर. त्यातला सगळ्यात मोठा वाटा नाव, पत्ता, पासपोर्ट क्रमांक टाइप करण्याचा. त्याखालोखाल कार्डावर रक्कम ब्लॉक करण्याचा. मग खोली शोधण्याचा, कारण हाउसकीपिंगने खोली सोडलेली नसते, किंवा सोडलेली असते पण सिस्टिममध्ये 'डर्टी'च दिसत असते. पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे का हे बघायला काउंटरवरच्या माझ्या मुलांना एक नजर लागत होती. एक नजर! आणि आम्ही यंत्र घेणार होतो ते नेमकी ती नजर वाचवायला.

हे आकडे मी साहेबांपुढे ठेवले. त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते खोटं नव्हतं. पाहुण्याने येण्याआधीच फोनवरून पासपोर्टचा फोटो पाठवला, माहिती भरली, कार्ड नोंदवलं, तर काउंटरवरची सगळी टायपिंग वाचते. मग उरतो एकच प्रश्न, आलेला माणूस तोच का? तो चेहऱ्याने सुटतो. म्हणजे वेळ वाचवणारी गोष्ट चेहरा नव्हतीच, आगाऊ भरलेला फॉर्म होता. चेहरा हा त्या फॉर्मवरचा शिक्का. हे एवढं कळलं असतं तर निम्मं विक्रीचं भाषण आम्ही ऐकलंच नसतं.

त्या भाषणात एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू होत्या. पहिली, लॉबीतला कियॉस्क, म्हणजे पाहुण्याने स्वतःच चेक-इन करायचं यंत्र: पासपोर्टचा फोटो आणि समोरचा चेहरा, एकाची एकाशी तुलना. दुसरी, लिफ्ट, जिम आणि क्लब लाउंजचे दरवाजे: समोरचा चेहरा नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून बघायचा. तिसरी, मुख्य दारावरचा कॅमेरा: आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचं आणि जुना किंवा खास पाहुणा दिसला की काउंटरला इशारा द्यायचा. विकणाऱ्याला तिन्ही सारख्याच. मला फरक समजला तो आयटीतल्या एका मुलाने बिलाच्या मागच्या बाजूला गणित मांडून दाखवलं तेव्हा.

यंत्र चेहरा साठवत नाही, चेहऱ्याची आकड्यांची माळ करतं. काहींच्या माळेत १२८ आकडे, काहींच्या ५१२. दोन माळा किती जुळतात ते बघायचं आणि जुळणं एका ठरावीक रेषेच्या वर गेलं तर 'तोच' म्हणायचं. त्या रेषेला इंग्रजीत थ्रेशोल्ड म्हणतात. आम्ही पहिल्या आठवड्यापासून उंबरठाच म्हणायला लागलो. आता समजा, उंबरठा असा ठेवला की दहा हजार परक्या तुलनांत एकदा चूक होईल. एकास-एक तुलनेत हे उत्तम. पण लिफ्टच्या दारात ५०० चेहरे नोंदलेले असतील तर प्रत्येक अनोळखी माणसामागे ५०० तुलना होतात, आणि चुकीची शक्यता जाते पाच टक्क्यांच्या घरात. वीस परके लिफ्टजवळ आले की त्यातला एक कुणीतरी 'पाहुणा' ठरणार. तेच यंत्र, तोच उंबरठा. माहितीपत्रकातला आकडा मात्र कियॉस्कचाच छापलेला होता.

मी विक्रेत्याला आणखी एक विचारलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम तपासून अहवाल काढला होता. एकास-एक तुलनेत चुकून 'तोच' ठरवण्याचं प्रमाण काही अल्गोरिदममध्ये पूर्व आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांसाठी दहा ते शंभर पट जास्त निघालं होतं. बायका, म्हातारी माणसं, मुलं यांच्या बाबतीतही चुका जास्त. "तुमचा अल्गोरिदम यात कुठे बसतो?" तो म्हणाला, विचारून सांगतो. आठ दिवसांनी कळलं की आतलं इंजिन त्यांचं नव्हतंच, दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं होतं आणि कोणती आवृत्ती आहे हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

मग आम्ही आमची चाचणी केली. ज्यांची इच्छा होती अशा कर्मचाऱ्यांना कियॉस्कपुढे उभं केलं: लाँड्री, किचन, सिक्युरिटी, गार्डन, अकाउंट्स. एचआरच्या बाईंनी लेखी काढलं की नाही म्हणणाऱ्याची नोंदही कुठे ठेवायची नाही. यातून जे शिकलो ते कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं. हाउसकीपिंगमधल्या दोन बहिणी एकमेकींच्या नावाने आत जात होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याची गंमतच सुरू केली. लाँड्रीतल्या एका बाईंना जाड चष्म्यामुळे यंत्र ओळखेना, त्या चष्मा काढायच्या आणि मग त्यांना स्क्रीन दिसेना. विक्रेत्याच्या माणसाने तोडगा काढला: उंबरठा गुपचूप खाली आणला. सगळे पास! दोन्ही बहिणी तर अधिकच पास. नकार कमी दिसावेत म्हणून उंबरठा खाली आणणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी युक्ती आहे, आणि ती कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही, जोवर तुम्ही तो आकडा मागून घेत नाही. आम्ही करारात कलमच घातलं की आमच्या सहीशिवाय उंबरठा हलणार नाही.

दुपारच्या उन्हाचं प्रकरण त्या मानाने साधं. आमच्या लॉबीची एक भिंत पूर्ण काचेची. रोज साडेचारच्या सुमारास कियॉस्क एकाएकी आंधळा व्हायचा, सहानंतर आपोआप बरा. दोन आठवडे सॉफ्टवेअर अपडेट येत राहिले. शेवटी गार्डनवाल्याने पाहुण्याच्या जागी उभं राहून सांगितलं, "मॅडम, माझ्या पाठीवर ऊन पडतंय, त्याला माझं तोंड काळं दिसत असणार." कियॉस्क फिरवून त्याचं तोंड साध्या भिंतीकडे केलं. अपडेट थांबले.

संमतीवर मात्र खरी भांडणं झाली. आमच्या कायदा सल्लागार बाई शांतपणे बोलायच्या आणि प्रत्येक वाक्याला काम वाढवायच्या. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, ओळख पटवण्यासाठी वापरलेली बायोमेट्रिक माहिती, म्हणजे चेहरा, बोटांचे ठसे वगैरे, कलम ९ खाली विशेष वर्गात येते. अशी माहिती वापरायची तर स्पष्ट संमती हा मुख्य रस्ता, आणि ती मोकळेपणाने दिलेली हवी. अमेरिकेत इलिनॉय राज्याचा २००८ चा कायदा तर चेहरा घेण्याआधी लेखी कळवून लेखी परवानगी मागतो, आणि निष्काळजीपणाने मोडला तर प्रत्येक उल्लंघनामागे १,००० डॉलर, जाणूनबुजून मोडला तर ५,०००. साहेब म्हणाले, "हे सगळं आपल्याला लागू कुठे होतं?" बाई म्हणाल्या, "कडक नियमावर बांधा. सैल नियमाला ते आपोआप बसतं. उलटं केलंत तर परत भिंत पाडायला लागेल."

मोकळेपणाने म्हणजे काय, हे स्क्रीनवर कळतं. पहिल्या आराखड्यात 'सहमत' हे बटण तळहाताएवढं हिरवं होतं आणि 'नको' खाली करड्या अक्षरांत, शोधल्यावर सापडेल असं. ते बदलायला फार झगडावं लागलं नाही. झगडावं लागलं ते काउंटरसाठी. कियॉस्क आल्यावर तीनपैकी दोन काउंटर बंद करायचे असं ठरलेलं होतं, पैसे तिथेच वाचणार होते. मी म्हटलं, नाही म्हणणाऱ्याला जर वीस मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं तर ती संमती कसली? थकलेला माणूस कशालाही हो म्हणेल. वादाने काही होईना. म्हणून मी एका शनिवारी साहेबांच्याच मेहुण्यांना पाहुणे म्हणून पाठवलं आणि चेहरा द्यायला नाही म्हणा असं सांगितलं. ते एकोणीस मिनिटं रांगेत उभे राहिले. सोमवारी दुसरा काउंटर उघडला. पुढे चीनमध्येही १ जून २०२५ पासून असा नियम आला की दुसऱ्या मार्गाने ओळख पटत असेल तर चेहरा हाच एकमेव मार्ग ठेवता येणार नाही. ही बातमी मी साहेबांना न बोलता पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला.

लहान मुलांचे चेहरे घ्यायचेच नाहीत हे एका मिनिटात ठरलं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

आता त्या बाईंची गोष्ट. रात्रीची वेळ, लॉबी जवळपास रिकामी. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक बाई कियॉस्कपुढे उभ्या राहिल्या. लाल फुली, आणि 'टूँ' असा आवाज. परत प्रयत्न. परत फुली, परत 'टूँ'. तिसऱ्यांदा यंत्राने लिहिलं, 'ओळख पटली नाही. कृपया कर्मचाऱ्यांशी संपर्क साधा.' सिक्युरिटीचा माणूस, त्याची चूक नाही, आवाज ऐकून दोन पावलं पुढे आला. मी काउंटरच्या मागून धावले. त्यांनी पासपोर्ट दिला. फोटोत दाट केस, भरलेले गाल. त्या म्हणाल्या, "मी आजारी होते. हा फोटो त्याच्या आधीचा." मग थोडं हसून म्हणाल्या, "त्याचं चुकलं नाही. आरशातही मला वेळ लागतो."

चावी दिली, खोलीपर्यंत स्वतः गेले. परत आल्यावर त्या फुलीकडे बघत बसले. यंत्राने नियमाप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. उंबरठा योग्य होता, प्रकाश योग्य होता. पण नकार म्हणजे काय, हे ठरवताना आम्ही कुणीच तिथे उभं राहणाऱ्याच्या जागी जाऊन पाहिलं नव्हतं. आम्ही आवाज बंद केला. फुली काढून टाकली. तीनऐवजी एकाच प्रयत्नानंतर स्क्रीनवर येतं: 'आपलं स्वागत आहे. पुढचं काम काउंटरवर करू, आम्ही वाट पाहत आहोत.' आणि काउंटरवरचा माणूस उठून उभा राहतो. विक्रेत्याला हे बदल फारच क्षुल्लक वाटले. त्याने पैसेसुद्धा मागितले नाहीत.

दारावरच्या कॅमेऱ्याच्या मी पहिल्यापासून विरोधात होते, पण माझा मुद्दा कायद्याचा होता: दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तपासला जाणार, ज्याने हो म्हटलं त्याचाही आणि ज्याला विचारलंच नाही त्याचाही. साहेबांनी 'फक्त संमती दिलेल्या जुन्या पाहुण्यांसाठी' म्हणून तीन महिन्यांची परवानगी दिली. जणू कॅमेऱ्याला आधीच कळतं समोर कोण आहे ते! दोन महिने तो बरा चालला. इशारा यायचा, मुलं नावाने नमस्कार करायची, पाहुणे खूश.

मग एक गृहस्थ आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या कंपनीचे चारजण, कसल्याशा बैठकीसाठी. काउंटरवरच्या नव्या मुलीच्या स्क्रीनवर इशारा आला आणि तिने शिकवल्याप्रमाणे, गोड आवाजात म्हटलं, "वेलकम बॅक सर, या महिन्यातली तुमची तिसरी भेट." शेजारचा एकजण वळला. "तू तर इथे कधी आला नव्हतास ना?" ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्या मुलीकडे पाहिलं. आधीच्या दोन्ही वेळा ते कुणाला भेटायला आले होते ते मला माहीत होतं. त्यांच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीची माणसं आमच्या लाउंजमध्ये बसली होती. नोकरी बदलायची बोलणी हॉटेलातच होतात. आणि हॉटेलवाला ती विसरतो.

त्या संध्याकाळी मी आमच्या दारावरच्या काकांजवळ जाऊन उभी राहिले. वीसेक वर्षं दार उघडतायत. विचारलं, "काका, ते साहेब आधी आले होते, तुम्ही ओळखलं होतंत?"

"ओळखलं की. मागच्या वेळी छत्री विसरले होते, मी गाडीत नेऊन दिली."

"मग आज काही बोलला नाहीत?"

"चारजणांबरोबर उतरले ना," काका म्हणाले. "ते माझ्याकडे बघतात का ते आधी बघायचं. बघितलं तर मान हलवायची. नाही बघितलं तर आपण दार उघडायचं."

मी हे वाक्य जसंच्या तसं रिपोर्टमध्ये घातलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं असावं, कारण कॅमेरा तीन महिने पूर्ण व्हायच्या आधीच उतरला. जिम आणि लाउंजच्या दारांवर साधं की-कार्ड राहिलं. उरला तो कियॉस्क, एकास-एक. तोही पाहुण्याला आधीच्या भेटींबद्दल चकार शब्द बोलत नाही. मला हे प्रकल्पाचं अपयश वाटत नाही. कियॉस्क वापरणाऱ्यांची रांग खरोखर वेगाने सरकते आणि माझ्या मुलांचं मनगट वाचलं आहे. पण तीनपैकी दोन वस्तू आम्ही परत केल्या, हेही खरं.

राहिलं पुसण्याचं. ठरलं होतं की पाहुण्याने चेक-आउट केलं की त्याच्या चेहऱ्याची माळ पुसली जाणार. मी त्यावर विश्वास ठेवून महिनाभर काही विचारलं नाही. मग नाइट ऑडिटरला, जो रात्री हिशेब जुळवल्याशिवाय घरी न जाणारा माणूस आहे, सहज म्हटलं, "खोल्यांचा हिशेब जुळवतोस तसा चेहऱ्यांचाही जुळव." त्या रात्री चेहरा देऊन मुक्कामी असलेले पाहुणे होते ७४. यंत्रात माळा निघाल्या १,१९०. ज्यांनी मुक्काम वाढवला किंवा एक दिवस आधीच निघून गेले, त्यांचं पुसणं राहून गेलं होतं, कारण बुकिंगच्या मूळ तारखेलाच चेक-आउट झालं तरच यंत्र पुसत होतं. शिवाय विक्रेत्याच्या सर्व्हरवर 'सुधारणेसाठी' म्हणून एक वेगळी प्रत. आमच्या सल्लागार बाईंना एवढं रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हाही आवाज चढला नाही, फक्त वाक्यं आखूड झाली. प्रत नष्ट केल्याचं पत्र आलं, पुसण्याचा नियम प्रत्यक्ष चेक-आउटला बांधला गेला, आणि तेव्हापासून नाइट ऑडिटच्या कागदावर कायमची एक ओळ वाढली: मुक्कामी चेहरे किती, साठवलेले किती.

ते आकडे रोज जुळतात. म्हणजे, जवळजवळ. गेल्या महिन्यापर्यंत साठवलेला आकडा रोज बरोब्बर एकाने जास्त यायचा. ८८ ला ८९. ९३ ला ९४. विक्रेता म्हणायचा, ती सिस्टिमची नोंद आहे, दुर्लक्ष करा. नाइट ऑडिटरला दुर्लक्ष करता येत नाही, तो त्याचा स्वभाव नाही. एका रात्री त्याने सगळ्या नोंदी एकेक करून उघडल्या आणि पहाटे चारला मला फोन केला. डेमो युनिटमधला डेटा बसवताना कुणीतरी तसाच पुढे आणला होता. ती नोंद चौदा महिन्यांपूर्वीची, डेमोच्या दिवसाची होती. माझी. खोली क्रमांकासकट.

"मॅडम," तो म्हणाला, "चेक-आउट करू का?"